ओ द्यायची नाही

१

मी अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. शाळा म्हणाल तर दोन इयत्ता, त्याही सलग नाहीत. वाचायला शिकलो ते मशीनरूमच्या दारांवरच्या पाट्या वाचून, त्यामुळे 'धोका' हा शब्द मला स्वतःच्या नावाआधी वाचता यायला लागला.

आमचं काम जोडीनं चालायचं. एक जण वर, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, मेन स्विचपाशी. दुसरा खाली, शाफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो त्यात. वर मी असायचो आणि खाली माझा जोडीदार. त्याला सगळे बुटक्या म्हणायचे, आणि खड्ड्यात वाकायला लागत नाही म्हणून तोही ते मिरवायचा. उतरण्याआधी तो खालून हाक द्यायचा, "बंद?" मी स्विच डोळ्यांनी बघायचो, हातानं चाचपायचो आणि मग शाफ्टमध्ये तोंड घालून ओरडायचो, "बंद!" ती ओ पोचल्याशिवाय बुटक्या शिडीवर पाय ठेवायचा नाही. घटकाभरानं पुन्हा "बंद?" आणि पुन्हा "बंद!" असं दिवसभर.

अडतीस वर्षांत एकही हाक ओ न देता राहिली नाही. न बघता दिलेली ओ तर एकही नाही. बुटक्या निवृत्त झाला तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "मोजा. दहा आहेत. ह्याच्या गळ्यानं राखलीत." एवढं मोठं बोलणं माझ्याबद्दल त्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

हीच हाक घरात कशी आली ते सांगतो. आमची मुलगी, बिट्टी, सहा-सात वर्षांची असताना एकदा माझा डबा घेऊन कामावर आली होती. तिनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडताना ती जिन्यातून ओरडली, "बाबा, गॅस बंद?" तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे 'गॅथ' असं काहीतरी आलं. मी चपला काढल्या, आत गेलो, बटण बघितलं, चाचपलं आणि ओरडलो, "बंद!" ती खूश. मीही खूश.

बिट्टीची आई तेवढी म्हणाली, "आता घराचीसुद्धा लिफ्ट करा."

२

पंधराव्या वर्षापासून ते वाढत गेलं. आधी एकदा विचारायची, मग दोनदा, मग तीनदा. मग स्वतः गॅससमोर उभी राहून, बटणावर हात ठेवून, बाहेरच्या खोलीत बसलेल्या मला विचारायची, "बाबा, बंद?" बटण तिच्या डोळ्यांसमोर असायचं. पण डोळ्यांना दिसलेलं आत पोचायचं नाही, असं ती सांगायची.

लोक याला मंत्रचळ म्हणतात आणि हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. बिट्टी चष्म्याच्या काचा घासायचं काम शिकली होती. तिच्या मास्तरांनी तिची पहिली काच उजेडात धरून चारही बाजूंनी फिरवली आणि त्यांना एक ओरखडा सापडला नाही. अशी पोरगी. नोकरी लागली आणि दुसऱ्या महिन्यात सुटली, कारण आमच्या तिसऱ्या मजल्यावरून तिला खालीच उतरता येईना. दुसऱ्या मजल्यापर्यंत जायची आणि परत यायची. पुन्हा जायची, पुन्हा परत. एकदा सकाळी आठला निघालेली पोरगी साडेअकराला जिन्यातच बसलेली मला सापडली, पर्स मांडीवर घेऊन.

या सगळ्या काळात मी एक गोष्ट नेमानं केली. प्रत्येक वेळी उठलो, बटण बघितलं, चाचपलं आणि ओ दिली. दिवसाला शंभर वेळा झालं तरी चिडलो नाही. बिट्टीच्या आईचे कान सुताच्या गिरणीत गेलेले. ती म्हणायची, "मला विचारूच नकोस बाई, मला ऐकू येत नाही." मला ते कठोर वाटायचं.

शेवटी एका डॉक्टरबाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीहून फार मोठ्या नव्हत्या, पण ऐकून घ्यायची पद्धत चांगली होती. त्यांनी कागदावर डोकं काढलं.

"काका, हे कपाळामागचं. काही चुकतंय का, यावर याची नजर असते. चुकतंय वाटलं की हा घंटी देतो. ती घंटी इथं खोल आत एका फाटकापाशी जाते. तुम्ही-आम्ही एकदा बघून खात्री केली की फाटक लागतं आणि घंटी थांबते. हिचं फाटक नीट लागत नाही. मग घंटी फिरून परत कपाळामागं येते आणि पुन्हा निघते. गोलगोल."

मी कागदाकडे बराच वेळ बघितलं. म्हटलं, "म्हणजे रिलेचा पॉइंट चिकटलाय. गाडी मजल्यावर येऊन उभी आहे, दार उघडलंय, पण वरच्या बोर्डाला वाटतंय की हाक अजून बाकी आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, हे मी पुढच्या पेशंटला सांगू का?"

"सांगा की."

"आणि ही विचारते तेव्हा उत्तर कोण देतं?"

मी खुर्चीत जरा ताठ झालो. "मी. एकही चुकवत नाही."

बाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. मग फार हळू म्हणाल्या, "तेच थांबवायचंय, काका. तुमचं उत्तर मिळालं की तिला घटकाभर बरं वाटतं. मेंदू तेवढंच शिकतो, की विचारलं की बरं वाटतं. म्हणून तो अजून विचारतो. त्या घंटीला रोज तुम्ही जेवू घालताय."

घरी येताना बिट्टीच्या आईनं चौकापर्यंत दम धरला. मग म्हणाली, "म्हणजे या घरात बरोबर वागणारी मी एकटीच होते तर."

३

गोळ्या सुरू झाल्या. डोकं हळूहळू जागेवर आणणारं औषध आहे, दहा-बारा आठवडे गुण दिसणार नाही, मधेच सोडू नका, असं बाईंनी बजावलं होतं. पहिले पंधरा दिवस बिट्टीला नुसती मळमळ झाली. पण खरं काम होतं ते रोजच्या सरावाचं.

सराव असा. बिट्टीनं दूध तापवायचं. बटण एकदाच फिरवायचं. मग बाहेरच्या खोलीत यायचं आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायचं. वळायचं नाही, विचारायचं नाही. भीती शंभरातून किती आहे, तेवढा अंक सांगायचा. मी शेजारी बसायचं आणि काय वाटेल ते झालं तरी ओ द्यायची नाही. फारच झालं तर बाईंनी शिकवलेले दोन शब्द म्हणायचे, "असेल, नसेल."

पहिल्या दिवशी तिचा अंक नव्वद. तिचे हात धुवून धुवून कोपरापर्यंत लाल झालेले, ते तिनं मांडीखाली दाबून धरले होते.

"बाबा, एकदाच."

मी गप्प.

"बाबा, नुसती मान हलवा. मानेचं कुणी धरत नाही."

अडतीस वर्षांचा गळा हो. आतून धक्के मारत होता. मी म्हटलं, "असेल, नसेल."

तिनं उशी फेकून मारली. "तुम्ही माझे बाबा आहात की त्या बाईंचे?"

"सध्या त्या बाईंचा," मी म्हटलं.

वीस मिनिटांनी अंक ऐंशी. मग साठ. चाळीस मिनिटं झाल्यावर मी विचारलं, "आता?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता कंटाळा आलाय." बाईंना हे सांगितलं तर त्या टाळी वाजवायच्या बाकी होत्या. म्हणाल्या, भीती चढते तशी उतरते, आणि आपण मधे काही केलं नाही तर आपोआप उतरते, हे तिच्या मेंदूनं आज पहिल्यांदा पाहिलं.

रोज बसलो. पाच महिने. उंच शाफ्टमध्ये दोराला लटकून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण आपल्याच भीतीकडे पाठ करून रोज मुकाट बसणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते माझ्या घरात जन्मलं. तिसऱ्या महिन्यापासून तिनं मला विचारणंच सोडलं. हातांची कातडी भरून आली. पाचव्या महिन्यात ती एकटी बाजारात जायला लागली, दार एकदा लावून.

४

तो गुरुवार होता, दुपारी तीनचा सुमार. बिट्टीची आई शिंप्याच्या दुकानात बटणं लावायला गेली होती. मी बाहेरच्या खोलीत मटार सोलत होतो. उन्हाचा पट्टा जमिनीवर, टोपल्यात साली, आणि कुठं घाई नाही.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बंद?"

माझं लक्ष मटारांत होतं. गळ्यानं मला विचारलंच नाही. "बंद!"

आणि मग मला वाईट वाटलं. दोन महिन्यांनी दोघांचाही नेम मोडला. जरा रागावूनच म्हटलं, "बिट्टे, हे काय? आपलं ठरलं होतं ना?"

आतून काही आलं नाही. हवं ते मिळाल्यावर माणूस जसं गप्प होतं, तशी ती शांतता होती.

तेवढ्यात बाहेरच्या दाराला किल्ली लागली आणि बिट्टी आत आली. हातात अंडी, पाव, घामेजलेला चेहरा. "कुणाशी बोलताय?"

"मटारांशी."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, आज भांडी घासायची पाळी तुझी."

"त्यांना म्हणावं, तुम्ही आधी शिजा." ती हसत हात धुवायला गेली. एकदाच धुतले, मी ऐकत होतो.

ती आंघोळीला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. सगळं जागच्या जागी होतं. गॅस बंद. सकाळपासून पेटवलेला नव्हता. मी सवयीनं बटण चाचपलं. ते कोमट होतं. गॅसनं तापतं तसं नाही. बराच वेळ कुणीतरी मुठीत धरून ठेवलं की कुठलीही वस्तू होते तसं.

५

मी शिकलेला नाही, पण हातानं काम केलेला माणूस आहे. आवाज आला की आधी कारण शोधायचं, हा आमचा धर्म. मी मनाशी म्हटलं, इतकी वर्षं ऐकलेली हाक आहे, कानात बसली असेल. लिफ्टवाल्यांना निवृत्त झाल्यावरही घंट्या ऐकू येतात. कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, वयाच्या मानानं कान चोख आहेत. एरवी हे मी बिट्टीच्या आईपुढं आठवडाभर मिरवलं असतं.

पुन्हा आला तो आवाज, त्याच सुमाराला, बिट्टी बाहेर असताना. या वेळी मी मुद्दाम ओ दिली, बघू काय होतं म्हणून. काही झालं नाही. फक्त त्यानंतरची हाक गॅसपाशी नव्हती, अलीकडे, मोरीपाशी होती. मी म्हटलं, भास असेल, भिंतीवरून आवाज फिरतो कधीकधी. आणखी एकदा ओ दिली. त्यानंतरची हाक उंबऱ्यावर आली.

तिथं मी थांबलो. एकूण तीनदा दिली.

बिट्टीला सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण त्याच आठवड्यात तिला पत्र आलं होतं. चार तासांवरच्या एका गावात चष्म्याच्या काचांचा मोठा कारखाना, राहायला खोली, एक तारखेला हजर व्हा. तिनं ते पत्र तीनदा वाचून दाखवलं, एकदा आईच्या कानाशी ओरडून. अशा पोरीला मी काय सांगू? की तू विचारणं सोडलंस, तरी तुझ्या आवाजात घरात कुणीतरी विचारतंय? पाच महिन्यांची मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली असती. ती पुन्हा जिन्यात बसली असती.

डॉक्टरबाईंना मी मित्राचं म्हणून सांगितलं.

"तुमचा मित्र किती वर्षांचा, काका?"

"माझ्याएवढाच."

"लिफ्टचंच काम करायचा?"

"हो."

त्या हसल्या नाहीत. "हा आजार कधीकधी घराण्यातून येतो. पण शंकेचा विचार मनात येणं वेगळं आणि कानांनी आवाज ऐकू येणं वेगळं. मित्राला एकदा घेऊन या."

"आणीन. पण एक तारखेनंतर. तोवर त्यानं काय करावं?"

"तोवर?" बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "तोवर ओ देऊ नये."

६

म्हणून मी रोज दुपारी, बिट्टी बाहेर गेली की, बसायला लागलो. तीच जागा, स्वयंपाकघराकडे पाठ. बिट्टी जे पाच महिने करत होती, ते बापाला वीस दिवस जमायला काय हरकत आहे?

"बंद?" उंबऱ्यावरून.

मी अंक म्हणायचो, मनातल्या मनात. सत्तर. पंचाहत्तर. हाकेनंतर एक थांबणं असायचं. ते थांबणं मी ओळखतो. शाफ्टच्या तळाशी माणूस शिडीला हात लावून उभा आहे, मान वर आहे, आणि तो वाट बघतोय. त्याला ताटकळत ठेवणं म्हणजे काय, हे माझ्या धंद्यातल्यालाच कळेल. गळ्यात ओ तयार व्हायची आणि मी ती गिळायचो. आणि मग, अर्ध्या-पाऊण तासानं, खरंच उतरायचं. साठ. चाळीस. बाई खोटं बोलल्या नव्हत्या.

बिट्टीची आई एकदा लवकर आली. "खिडकीकडे बघत काय बसलाय? तिनं काही गुन्हा केलाय का?"

"ध्यान करतोय."

"मग डोळे मिटा. असे वटारून कुणी ध्यान करत नाही." आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली, उंबरा ओलांडून, ज्यावर ते होतं. काही झालं नाही. तिनं पाणी प्यायलं, भांडं आपटलं आणि उद्या काय आणायचं ते सांगत बाहेर आली. तिच्या बोलण्यामागून पुन्हा हाक आली. ती बोलतच राहिली. तिला ऐकू येत नव्हतं, आणि मला त्या बाईचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.

सतराव्या दिवशी त्यानं आवाज बदलला. "बाबा, गॅथ बंद?"

दोन दात पडलेला आवाज. मी डोळे घट्ट मिटून घेतले. तो आवाज या जगात आता कुठंच नाही, ज्या तोंडातून यायचा ते तोंड मोठं झालं. ओ दिली असती तर कदाचित पुन्हा ऐकायला मिळाला असता. अंक पंच्याण्णव झाला, खरा पंच्याण्णव. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही, कारण हात हलवला असता तर गळाही हलला असता.

दिली नाही. त्या दिवशी उतरायला सव्वा तास लागला, पण उतरलं. मी कधी कुणाजवळ बोललो नाही, इथं लिहितो. मला माझा अभिमान वाटला.

७

बिट्टी निघाली त्या दिवशी सकाळी सगळ्यांचा चहा तिनंच केला. बटण फिरवलं, एकदा, आणि मागं न बघता बाहेर आली. तिची आई टॅक्सी थांबवून धरायला खाली गेली होती, टॅक्सीवाल्याशी तिचं भांडण वरपर्यंत ऐकू येत होतं.

बिट्टी दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी तिच्यासमोर, घराकडे पाठ करून उभा.

"बंद?"

उंबऱ्यावरून नाही. माझ्या मागं, अगदी पाठीशी.

सकाळी कधी आलं नव्हतं ते. आणि बिट्टी घरात असताना तर कधीच नाही. मी तिच्या हातांकडे बघत होतो. नाडीची गाठ मारणारी बोटं थांबली.

म्हणजे तिनं ऐकलं.

तिनं मान वर केली नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघितलं नाही. गाठ पूर्ण केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला ओ देता?"

"आता नाही देत."

"कधीपासून ऐकताय?"

"महिना होईल. तू?"

तिनं दुसरा बूट ओढला. "मी लहान होते तेव्हापासून. आधी मी गंमत म्हणून विचारायचे. मग एकदा मी विचारलं नाही तरी विचारलं गेलं, आणि तुम्ही ओ दिलीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मग कधी ते, कधी मी. शेवटी माझा कुठला आणि त्याचा कुठला, तेच कळेना. म्हणून सारखं बघायला जायचे."

"अगं, दिवसाला शंभर वेळा—"

"निम्म्या हाका माझ्या असतील." ती जरा हसली. "तुम्ही कधी चुकला नाहीत, बाबा."

सगळी वर्षं मी उठलो होतो, बघितलं होतं, चाचपलं होतं आणि छाती भरून ओ दिली होती.

"डॉक्टरबाईंना सांगितलंस?"

"भीती सांगितली. आवाज नाही सांगितला. भीती खरी होती ना, तिच्यावर औषध लागू पडलं."

"आणि ह्याचं काय?"

"बंद?" माझ्या मानेमागचे केस हलले.

बिट्टी उठून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता, पण हनुवटी वर होती. "ह्याचं काय करायचं? असेल, नसेल." तिनं बॅग उचलली. "अंक सांगा."

"नव्वद. तुझा?"

"पंच्याऐंशी. मी पुढं आहे." तिनं माझ्या पाया पडायला वाकावं आणि मी तिला मधेच धरावं, असं झालं. मग ती जिना उतरली. मी दारात उभा राहून ऐकलं. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली नाहीत.

८

तिला जाऊन सहा आठवडे झाले. परवा फोन आला. तिनं घासलेली काच कारखान्याच्या मालकानं आपल्याच चष्म्यात बसवून घेतली म्हणे. बिट्टीच्या आईनं हे शेजारणीला सांगितलं, खालच्या मजल्यावर सांगितलं आणि मग मलाच पुन्हा सांगितलं, जसा काही फोन मी उचललाच नव्हता. या रविवारी बिट्टी पहिल्यांदा घरी येतेय.

मित्राला घेऊन मी डॉक्टरबाईंकडे अजून गेलेलो नाही. जाईन. रोज दुपारी बसतो मात्र. हाक यायची, मी गप्प राहायचो, ती कमी होत चालली होती. मंगळवारी पाऊण तासात एकदाच आली. मला वाटलं, उपाशी राहून थकलं.

बुधवारी ती आली, मी ओ दिली नाही, आणि माझ्या पाठीमागून ओ आली.

"बंद!"

माझा आवाज. आत्ताचा नाही. मशीनरूममधला, तिशीतला, भरदार, शाफ्टच्या तळापर्यंत जाणारा. आणि काय सांगू, तो ऐकताच माझ्या अंगभर जे बरं वाटलं ते कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. खांदे सैल पडले. मग लगेच, मधे श्वासाचीही जागा न सोडता, पुन्हा "बंद?" आणि पुन्हा "बंद!" हाक आणि ओ, हाक आणि ओ, एकामागून एक. चिकटलेला पॉइंट असाच वाजतो.

मी हात ओठांवर ठेवला. ओठ मिटलेले होते. हात गळ्यावर ठेवला. गळा थरथरत होता.

म्हणजे मीच, असं मी मनाशी म्हटलं. म्हातारा झालास, तुझाच गळा, तुझेच कान, ऊठ आणि त्या बाईंकडे जा. हे म्हणत असतानाच बाहेर ऊन ढगाआड गेलं आणि समोरच्या खिडकीची काच काळी झाली. मी वळलो नव्हतो. काचेत बघायचं असंही ठरवलं नव्हतं. ती माझ्या डोळ्यांसमोरच होती.

माझ्या डोक्यामागं आणखी एक डोकं होतं, पाठमोरं. पांढरे, विरळ केस, कान मोठे. माझ्या पाठीला पाठ लावून कुणीतरी बसलं होतं, तोंड स्वयंपाकघराकडे करून. जरासं पुढं झुकलेलं. खालून येणारी हाक चुकू नये म्हणून मी जसा झुकायचो, तसं.

ऊन परत आलं आणि काचेत समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसायला लागली. मी बसून राहिलो. चाळीस मिनिटं. अंक उतरला तो पन्नासपर्यंत. त्याखाली गेला नाही, हे खरं.

रविवारी बिट्टी येईल. मी तिच्यासमोर तोंड मिटून बसलेला असेन आणि तिच्या बापाचा आवाज आतून तिला ओ देईल. जी ओ ऐकून ती लहानाची मोठी झाली, जिच्यावाचून तिला जिना उतरता येत नव्हता, तीच. तिला आधी सावध करावं असं शंभर वेळा मनात आलं. फोनही हातात घेतला होता. पण आधी सांगणं म्हणजे तिला खात्री पुरवणंच झालं, आणि आता तिला ती कुणी पुरवायची गरज नाही. ती दूध तापवेल, बटण एकदा फिरवेल, बाहेर येऊन माझ्या शेजारी बसेल. आवाज ऐकेल. वळणार नाही. मी पैजेवर सांगतो, माझी लेक वळणार नाही.

मग ती मला अंक विचारेल. तो मी तिला खरा सांगेन, शंभर असला तरी.